रिकामे चौकोन

छापील कागदावर आपलं नाव दिसलं की माणसाचं बोट आपोआप तिथेच जातं, मग तो बदलीचा हुकूम का असेना. चादरबाईंचंही तेच झालं. सोमवारी सकाळी त्यांच्या टेबलावर अहवाल येऊन पडला होता. जाड पुठ्ठा, गुळगुळीत पानं, आणि मुखपृष्ठावर तिसऱ्या ओळीत त्यांचं नाव. नावाखाली बारीक अक्षरांत छापलं होतं: रुग्णालयाच्या कापडविभागाचा बावीस वर्षांचा अनुभव.

बाईंनी त्या ओळीवरून बोट फिरवलं. या कंपनीत येऊन त्यांना साडेपाच महिने झाले होते आणि एवढ्या दिवसांत कोणी त्यांना त्या बावीस वर्षांविषयी एक अक्षर विचारलं नव्हतं. आज ती वर्षं एकदम छापूनच आली होती. त्यांना बरं वाटलं. खोटं कशाला बोला, चांगलंच बरं वाटलं.

मग त्यांनी पान उलटलं.

घडी-विभाग. कामगार नऊ. रिकामा वेळ शेकडा अडतीस. शिफारस: पाच कामगार पुरेसे.

बाईंनी ते तीनदा वाचलं. चौथ्यांदा वाचताना त्यांच्या कानशिलांपर्यंत रक्त चढलं.

आता चादरबाई कोण आणि परक्या मुलखात त्या काय करत होत्या, हे आधी सांगायला हवं. आपल्या गावी एका मोठ्या रुग्णालयात आठशे खाटा होत्या आणि त्या आठशे खाटांवरची प्रत्येक चादर, उशीचा अभ्रा, शस्त्रक्रियेचा हिरवा कपडा बाईंच्या खोलीतून जायचा आणि बाईंच्याच खोलीत परत यायचा. चादरबाई हे नाव डॉक्टरांनी ठेवलं. आधी चेष्टेनं आणि पुढे गरजेनं, कारण रात्रपाळीतल्या नर्सेसना त्यांचं खरं नाव माहीतच नव्हतं. मग एके वर्षी रुग्णालयाने तो विभागच बंद करून काम बाहेर देऊन टाकलं. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी बाई घरी बसल्या. बसल्या म्हणजे चार महिने. पाचव्या महिन्यात त्यांनी संध्याकाळच्या वर्गात नाव घातलं आणि आपल्या लेकीच्या वयाच्या पोरापोरींबरोबर दोन वर्षं व्यवस्थापन शिकल्या. परीक्षा झाल्यावर त्यांनी परदेशातल्या एका सल्लागार कंपनीत अर्ज टाकला. कारखाने, रुग्णालयं, गोदामं यांना काम कसं करावं हे सांगणारी कंपनी. तिने त्यांना चक्क बोलावलं.

नणंद म्हणाली, "वहिनी, पन्नाशीला सल्ले द्यायला परदेशी निघालीस? इथे आम्हाला फुकट देत होतीस ते काय कमी होते?"

नवरा शाळेतून निवृत्त झालेला, शांत माणूस. तो म्हणाला, "जा तू. मला कुकर लावता येतो. पोट बिघडलंच तर डॉक्टर तुझ्याच ओळखीचे आहेत."

देवाला हात जोडून बाई निघाल्या. सहा महिने उमेदवारीचे होते. ते संपत आले की कंपनी पक्कं करणार किंवा नाही म्हणणार. आणि नाही म्हटलं तर तिथे राहायचा परवानाही साठ दिवसांत संपणार. तो निकाल याच शुक्रवारी होता. अहवाल ज्या धुलाईघराविषयी होता, त्याच्या मालकापुढे तो मांडायचा होता बुधवारी.

ते धुलाईघर म्हणजे बाईंना माहेरासारखंच वाटलं होतं. शहरातल्या सात रुग्णालयांच्या चादरी तिथे यायच्या. एका टोकाला धुण्याची यंत्रं, मग एका ओळीत सहा ड्रायर, आणि शेवटी लांबच लांब घडीचं टेबल. टेबलाशी नऊ बाया उभ्या. दोघी दोघी समोरासमोर चादर धरायच्या, झटकायच्या, दुमडायच्या, पुन्हा दुमडायच्या आणि गठ्ठ्यावर ठेवायच्या; नववी गठ्ठे बांधायची. कंपनीतला बाईंचा वरिष्ठ म्हणजे जेमतेम तिशीचा, उंच, स्वच्छ आणि घाईतला मुलगा. गळ्यात कायम वेळ मोजायचं घड्याळ अडकवलेलं. पहिल्याच दिवशी टेबलावरच्या बायांनी त्याचं नाव घड्याळ्या ठेवलं.

घड्याळ्याने बाईंच्या हातात तक्ता दिला. नुसते चौकोन. एका पानावर तीनशे साठ. "दर दहा सेकंदांनी बघायचं, मॅडम. हात चालतोय, चौकोन भरा. हात थांबलाय, चौकोन रिकामा ठेवा. बस्स."

"आणि हात थांबला कशासाठी, ते?"

"ते नको. विचार आपण नंतर करू."

बाईंनी त्या 'नंतर'वर विश्वास ठेवला. इथेच त्यांचं चुकलं, हे त्या पुढे स्वतःच सांगायच्या.

कारण पहिल्या तासातच त्यांच्या लक्षात आलं होतं. टेबलावरचे हात मध्येच थांबत होते. चादर दोनदा दुमडली की बाई थांबायची, हाताची मागची बाजू दुमडीच्या आत सरकवायची आणि तशीच ठेवायची. बघणाऱ्याला वाटावं, हिला झोप लागली. दहा सेकंद, कधी वीस. मग एकतर घडी पुरी व्हायची, नाहीतर चादर मागच्या टोपलीत पडून ड्रायरकडे परत जायची. ती ओल बघत होती. गरम चादरीची ओल तळहाताला कळत नाही, आणि पटकन हात लावून तर मुळीच कळत नाही. हात आत ठेवून वाट बघावी लागते. ऊब उतरते आणि मग मागून ओल वर येते. बाईंनी हे बावीस वर्षांत शंभर मुलींना शिकवलं होतं. ओली घडी कपाटात दोन दिवस राहिली की कुबट होते, आणि ती ज्याच्या पाठीखाली जाते त्याला बहुतेक वेळा कुशीवरही वळता येत नसतं. नोकरीच्या पहिल्या वर्षी बाईंनी एका म्हाताऱ्या रुग्णाची पाठ पाहिली होती. त्यानंतर त्यांच्या खोलीतून ओली चादर कधी बाहेर गेली नाही.

तर हे सगळं ठाऊक असताना बाईंनी तीन दिवस चौकोन रिकामे ठेवले. सांगितलं होतं तसं. फक्त प्रत्येक रिकाम्या चौकोनासमोर, समासात, बारीक अक्षरांत लिहीत गेल्या: ओल बघते. ओली, परत. कोरडी. ओली, परत, ड्रायर तीन.

सोमवारी अहवाल हातात धरून त्या घड्याळ्याच्या टेबलाशी उभ्या राहिल्या.

"सर, हा अडतीस आकडा चुकीचा आहे."

"तुमच्याच तक्त्यातून आलाय, मॅडम. एकही चौकोन बदललेला नाही."

"पण मी समासात लिहिलं होतं."

"समासातलं टंकत नाहीत," तो म्हणाला. आवाजात उर्मटपणा नव्हता, आणि बाईंना त्याचाच जास्त राग आला. "दोनच गोष्टी मोजायच्या ठरल्या होत्या. चालू आणि बंद. तुम्ही म्हणता ते तपासणं वगैरे, ते कुठल्या रकान्यात घालू?"

"घालायला रकाना नाही म्हणून ते काम नाही का?"

"हातात धरायचं यंत्र मिळतं, ओल मोजायचं. ते आम्ही पान तेरावर सुचवलंय."

"गरम कापडावर ते यंत्र काय सांगतं, माहीत आहे? मी चालवलंय. दोन वर्षं चालवलं आणि कपाटात टाकून दिलं."

घड्याळ्याने मान हलवली, समजूतदारपणे. "मॅडम, शुक्रवारी तुमचं पक्कं होतंय ना? बुधवार नीट पार पडू द्या. मी तुमच्याविषयी फार चांगलं लिहिलंय."

बाई आपल्या जागेवर परत आल्या. धमकी दिली असती तर भांडता आलं असतं. याने तर पाठ थोपटली होती.

त्यांचे वडील देवाच्या कथा गाऊन सांगायचे. ऐन प्रसंगाला ते गाता गाता थांबत; वादक हात वर धरून बसे आणि दोनशे माणसं श्वास रोखून. त्या थांबण्यातच लोकांचे डोळे भरून यायचे. समोर कोणी तक्ता घेऊन बसलं असतं तर त्याने लिहिलं असतं: गायक रिकामा, वादक रिकामा, दोनशे श्रोते रिकामे, शिफारस एक गायक पुरे. बाईंना हसू आलं, आणि हसता हसता अंगाची आग झाली. कारण ते लिहिणारा कोणी परका नव्हता. तक्ता त्यांच्या हातचा होता, आणि बावीस वर्षांचा शिक्का खाली त्यांच्याच नावाचा.

मंगळवारी त्या एकट्याच धुलाईघरात गेल्या.

बातमी त्यांच्या आधी पोचली होती. टेबलाशी त्या उभ्या राहिल्या तेव्हा एकीनेही मान वर केली नाही. मागच्या आठवड्यात याच बाया त्यांना जेवायला आपल्यात बसवत होत्या, डब्याच्या झाकणात भाजी वाढून पुढे सरकवत होत्या. टेबलाची मुकादम साठीला टेकलेली होती, आडव्या बांध्याची, आणि सगळ्यांना अरेतुरे करणारी. ती चादर झटकत राहिली.

"मुकादमबाई, मला बोलायचंय."

"बोल की. माझा हात चालू आहे. थांबला तर तुझा चौकोन रिकामा पडेल."

पलीकडची एक फिसकन हसली. मुकादम हसली नाही.

"तुम्हाला कळलं तर."

"चार जणी जाणार, एवढं कळलं. कुठल्या चार ते अजून नाही कळलं. तू सांगतेस का? तू तर तीन दिवस टक लावून बसली होतीस."

"मी तसं लिहिलं नव्हतं."

"मग काय लिहिलंस?"

"हात थांबला तिथे चौकोन रिकामा ठेवला. त्यांनी सांगितलं होतं तसं."

आता मुकादमचा हात खरोखर थांबला. "एक विचारते. आम्ही हात का थांबवतो, ते तुला कळत होतं?"

"कळत होतं."

"कधीपासून?"

"पहिल्या तासापासून."

"आणि तरी रिकामा ठेवलास."

"त्यात तसा रकाना नव्हता."

"रकाना नव्हता म्हणे," मुकादम टेबलाकडे वळून म्हणाली, जणू काही एखादी गंमत ऐकवावी. "ऐकलंत गं? बाईंना सगळं कळत होतं, पण रकाना नव्हता." मग तिचा आवाज खाली आला. "त्या पोराचं मला काही वाटत नाही. त्याने जन्मात चादरीची घडी घातली नसेल. पण तू पहिल्या दिवशी आलीस, चादरीच्या आत हात घातलास आणि म्हणालीस, ही ओली आहे. मी यांना म्हटलं, ही आपल्यातली आहे. जेवायला बसवा."

अंगावर कोणी ओलं फडकं मारावं तशा बाई उभ्या राहिल्या. रागाने आल्या होत्या घड्याळ्यावर, कंपनीवर, छापखान्यावर. आणि आता त्या रागाला स्वतःच्याच दाराशी येऊन बसावं लागलं.

मुकादम पुन्हा घडी घालायला लागली. "जा आता. तुझ्याशी बोलण्यात माझी टक्केवारी जातेय."

संध्याकाळी बाईंनी नवऱ्याला फोन लावला आणि सगळं सांगितलं.

"अहो, मी उद्या तिथे बोलले तर शुक्रवारी घरी पाठवतील मला."

"पाठवू देत. कुकर अजून चालू आहे."

"चेष्टा नको. तुमची बहीण काय म्हणेल?"

"तू न बोललीस तरी ती म्हणेलच. तुझ्याकडे कागद आहेत का?"

बाई हळूच म्हणाल्या, "आहेत."

होते. रुग्णालयात बावीस वर्षं एक कागदही त्यांनी कार्बनशिवाय लिहिला नव्हता. एक चादर हरवली की डॉक्टर, नर्स, धोबी, तिघंही दुसऱ्याकडे बोट दाखवायचे आणि बाई खणातून निळी नक्कल काढायच्या. परदेशी आल्यावर त्यांनी पहिल्याच आठवड्यात कार्बन कागद शोधला होता. दुकानदाराने आधी डोकं खाजवलं, मग मागच्या खोलीतून धूळ झटकत एक डबी आणली आणि हसून म्हणाला, याचं गिऱ्हाईक अजून जिवंत आहे हे मला ठाऊक नव्हतं. तक्ते लिहिताना खाली दुसरा कागद होता. घड्याळ्याकडे वरची प्रत गेली. समासासकट खालची बाईंच्या खणात होती.

"मग झालं तर," नवरा म्हणाला. "झोप आता. आणि देवाजवळ दिवा लाव, बोलताना जीभ नको अडखळायला."

बुधवारी धुलाईघराच्या वरच्या मजल्यावर बैठक बसली. खिडकीतून खालचं टेबल दिसत होतं. मालक थकल्या चेहऱ्याचा, शर्टाच्या बाह्या दुमडलेला माणूस. वडिलांनी हातगाडीवर सुरू केलेला धंदा त्याने वाढवला होता. घड्याळ्याने भिंतीवर चित्रं दाखवली. हिरवा पट्टा चालू हातांचा, करडा पट्टा थांबलेल्या हातांचा. करडा पट्टा चांगला मोठा दिसत होता.

"हे निरीक्षण आमच्या सर्वांत अनुभवी सहकाऱ्याचं आहे," घड्याळ्या म्हणाला आणि बाईंकडे हात केला. "बावीस वर्षं."

बाई उठल्या. इथली भाषा त्या तोलूनमापून बोलायच्या. आज त्यांनी तोलली नाही.

"चौकोन मी भरलेत, आणि रिकामे मीच ठेवलेत. पण तो करडा पट्टा रिकामा वेळ नाही. तिथे त्या बाया चादरीची ओल बघतात. हात थांबवल्याशिवाय ती कळत नाही."

"मॅडम, आपण हे नंतर..." घड्याळ्या म्हणाला.

"नंतर म्हणालात म्हणूनच इथवर आलंय, सर. आता नंतर नाही."

त्यांनी पिशवीतून निळ्या अक्षरांचे कागद काढून मालकापुढे ठेवले. मालकाने चष्मा लावला. बराच वेळ तो समासच वाचत होता, बोट खाली सरकवत.

"ओली, परत. हे किती वेळा आहे?"

"एकशे चौदा. तीन दिवसांत."

"आणि हे बहुतेक ठिकाणी ड्रायर तीन लिहिलंय."

"तो नीट सुकवत नाही. मुकादमने तुमच्या सुपरवायझरला चारदा सांगितलंय. त्याच्याकडेही रकाना नसावा."

मालकाने चष्म्यावरून पाहिलं. "म्हणजे माझं यंत्र नापास होतं, या बाया ते सावरून घेतात, आणि तुमचा रिपोर्ट म्हणतो, त्या बायांतल्या चार काढा."

"हो."

"त्यावर नाव तुमचं."

"हो. म्हणूनच उभी आहे."

"हे तुम्हाला कधी कळलं? छापून आल्यावर?"

इथे बाईंना सहज निसटता आलं असतं. घड्याळ्याही त्यांच्याकडे बघत होता, जवळजवळ आशेने.

"नाही," त्या म्हणाल्या. "पहिल्याच दिवशी कळत होतं. रिकामा चौकोन म्हणजे फक्त थांबलेला हात, अर्थ पुढे कोणीतरी विचारेल, असं समजून गप्प राहिले. अर्थ कोणी विचारत नाही. तो सांगावा लागतो. माझं चुकलं ते तेवढं."

मालकाने अहवाल मिटला, निळे कागद हातात घेतले आणि जिना उतरून खाली गेला. खिडकीतून तो दिसला. तिसऱ्या ड्रायरपाशी उभा राहिला, मग टेबलाशी गेला. मुकादमने त्याचा हात धरून चादरीच्या दुमडीत घातला. मालक वाट बघत उभा राहिला. दहा सेकंद. वीस.

परतताना गाडीत घड्याळ्या म्हणाला, "मॅडम, मला तुमच्याविषयी आदर आहे, पण..."

"आदर समासात ठेवा, सर," बाई म्हणाल्या. "तुम्ही ते टंकत नाही."

गुरुवारी त्या पुन्हा धुलाईघरात गेल्या, कारण अहवाल नव्याने करायचा होता. तिसरा ड्रायर उघडून ठेवला होता आणि दुरुस्तीवाला आत अर्धा शिरला होता. मुकादम जेवायला बसली होती.

"नऊच राहिलो म्हणतात," ती म्हणाली.

"सध्या तरी."

"सध्या म्हणे." तिने बाईंना पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. आभार नाहीत, काही नाही. मग डब्याचं झाकण काढलं, त्यात भाजी वाढली आणि न बघताच पुढे सरकवलं. "बस. उभं राहून खाऊ नये."

शुक्रवारी कंपनीच्या संचालिकेने बोलावलं. काचेची खोली, टेबलावर एकही कागद नाही.

"ग्राहकापुढे तुम्ही आपल्याच माणसाला उघडं पाडलंत," ती म्हणाली.

"मी मला उघडं पाडलं. तो शेजारी उभा होता."

संचालिकेच्या ओठाचा कोपरा हलला, पण ती हसली नाही. "मालकाने पुढच्या वर्षाचं कामही आपल्यालाच दिलंय. म्हणून तुम्हाला नाही म्हणता येत नाही. आणि हो म्हणायचं माझ्या जिवावर आलंय. उमेदवारी तीन महिने वाढवते."

बावीस वर्षं आणि साडेपाच महिने. त्यात आता आणखी तीन. खरं बोलल्याची ही शिक्षा, आणि तीही उपकारासारखी हातावर ठेवलेली. बाईंच्या जिभेवर बरंच काही आलं. त्यांनी त्यातलं एकच बाहेर सोडलं.

"वाढवा. पण तीन महिन्यांत माझं नाव ज्या कागदावर जाईल, त्याचा समास टंकला गेला पाहिजे. नाहीतर नाव काढा."

"तक्त्याचं बघू आपण," संचालिका म्हणाली.

आणि बघितलं त्यांनी, तेवढं मानावं लागेल. पुढच्या सोमवारी नव्या कामाचा तक्ता बाईंच्या टेबलावर आला. एका औषध-गोदामाचं काम होतं. चालू, बंद, आणि शेवटी एक तिसरा, बोटभर अरुंद रकाना. त्यावर छापलं होतं: इतर.

इतर. म्हाताऱ्याची पाठ, मुकादमचा थांबलेला हात, एकशे चौदा चादरी, सगळं इतर.

बाईंनी पिशवीतून पेन काढलं. त्या शब्दावर एक सरळ रेघ ओढली, कागद फाटेल इतकी दाबून, आणि वर स्वच्छ अक्षरांत लिहिलं: काम. मग कार्बन खाली नीट सरकवलाय ना ते पाहिलं, आणि पानं मोजून घेऊन त्या गोदामाकडे निघाल्या.